दार उघडेना: जुन्या साहस-खेळांतली कोडी आणि त्यांतलं राजकारण

कोकणातल्या आमच्या तळेऱ्यात महामार्गाच्या कडेला जी गॅरेजं आहेत, तिथे नुकताच कामाला लागलेला पोरगाही नट बघून सांगतो की इथे रिंग पाना चालेल, इथे स्क्रू पाना आण. १९९१ साली आलेल्या 'मंकी आयलंड २' या कॉम्प्युटर गेममध्ये असाच एक पंप आहे. तो बंद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि बंद करायला पाना लागतो. पाना मात्र अख्ख्या खेळात कुठेच नाही. लांबच्या दुसऱ्या बेटावर एका गुत्त्यात माकड पियानो वाजवत बसलंय. पियानोवर तालयंत्राचा काटा डावी-उजवीकडे हलतोय. त्या काट्यावर केळं अडकवलं की माकडाची नजर केळ्यावर खिळते आणि ते लाकडासारखं ताठ होतं. मग ते ताठ झालेलं माकड उचलायचं, जहाजातून पंपापर्यंत न्यायचं आणि पाना म्हणून लावायचं. कारण एवढंच, की अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात.

हे शोधण्यात आमचा एक अख्खा गणेशोत्सव गेला. मुंबईहून चाकरमानी यायचे, त्यांच्यात आमचा चुलत दादा असायचा. त्याच्या बॅगेत मोदकाच्या खव्याबरोबर दोन-तीन सीडी असायच्या. सीडीवर मार्करने नाव लिहिलेलं, बाकी खोका नाही, माहितीपुस्तिका नाही, काही नाही. काकांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे आम्ही चौघं-पाच जण आरतीच्या वेळा सोडून बसायचो. त्या वर्षी आम्ही सगळी बेटं फिरलो, प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला लावून पाहिली. "तेका काय व्हया ता तरी सांगाक व्हया ना!" असं धाकटा बाबू वैतागून म्हणाला, आणि या सगळ्या प्रकारावरची इतकी नेमकी टीका मी त्यानंतर कुठल्याही समीक्षकाकडून ऐकलेली नाही. गौरी-गणपती गेले, दादा मुंबईला गेला, सीडीही गेली. पुढच्या मे महिन्यात तो सायबर कॅफेतून छापून आणलेली उत्तरांची पानं घेऊन आला. माकडाचं वाचून कुणी हसलं नाही. आपण कमी पडलो नव्हतो, आपल्याला ते कळण्यासारखंच नव्हतं, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

साहस-खेळ, म्हणजे ज्यांना इंग्रजीत 'अ‍ॅडव्हेंचर गेम' म्हणतात ते खेळ, यांच्याबद्दल दोन तक्रारी गेली तीस-पस्तीस वर्षं चालू आहेत. एक, त्यांची कोडी अन्यायकारक होती. दोन, त्यांतली माणसं, देश आणि बायका ज्या पद्धतीने दाखवल्या ते चूक होतं. या दोन्ही तक्रारी सहसा वेगवेगळ्या मांडल्या जातात. पहिली खेळाडू करतात, दुसरी अभ्यासक. माझं म्हणणं असं की दोन्हीचं मूळ एकच आहे. खेळ लिहिणाऱ्याने आपल्यासमोर कोण बसलंय हे आधीच ठरवून टाकलं होतं: आपल्याच भाषेचा, आपल्याच देशातला, खोका विकत घेतलेला माणूस. जो तसा नव्हता तो खेळाबाहेर असेल तर अडकत होता, आणि खेळाच्या आत असेल तर देखाव्यातलं झाड होत होता.

सुरुवात गुहेपासून झाली. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर आणि हौशी गुहाशोधक. त्याने १९७५-७६च्या सुमारास केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहासंकुलाच्या एका भागावरून आपल्या मुलींसाठी एक खेळ लिहिला. चित्र नाही, नुसता मजकूर. संगणक वर्णन करायचा, खेळणारा दोन शब्दांत आज्ञा टाइप करायचा. १९७७ मध्ये डॉन वूड्सने तो वाढवला आणि त्यात एक चाचाही घातला, जो येऊन तुमचा खजिना पळवतो. त्या खेळाच्या नावावरूनच या सगळ्या प्रकाराला 'अ‍ॅडव्हेंचर' हे नाव मिळालं. त्यात एक चकवा आहे, जिथल्या सगळ्या खोल्यांचं वर्णन शब्दन् शब्द सारखं. सुटका कशी? हातातली एकेक वस्तू एकेका खोलीत टाकत जायची, म्हणजे खोल्या ओळखता येतात. रानात वाट चुकू नये म्हणून आपल्याकडे फांदी मोडून खूण ठेवतात, तीच युक्ती. हे कोडं कठीण होतं, पण प्रामाणिक होतं. जगात कुठेही चालणाऱ्या माणसाला ते सुटू शकत होतं.

पण याच गुहेची दुसरी गोष्ट खेळात नाही. मॅमथ केव्हच्या आतल्या वाटा ज्या माणसाने एकोणिसाव्या शतकात शोधल्या, तळ न दिसणारी दरी ओलांडून जो पलीकडे गेला आणि ज्याने काढलेला नकाशा १८४५ मध्ये छापला गेला, तो स्टीफन बिशप गुलाम होता. मालकाच्या मालकीचा वाटाड्या. त्याला स्वातंत्र्य मिळालं १८५६ मध्ये आणि पुढच्याच वर्षी तो गेला. क्राउदरने काही लपवलं असं मी म्हणत नाही. त्याने मुलींसाठी खेळ लिहिला, इतकंच. तरी या प्रकाराच्या पायाच्या दगडातच हे आहे: गुहा, खजिना, शोधणारा तुम्ही, आणि तुमच्या आधी तिथे कुणी नव्हतंच.

मजकुराला चित्र मिळालं १९८० मध्ये. रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने 'मिस्ट्री हाऊस' काढला, आणि पुढे त्यांची कंपनी सिएरा या नावाने प्रसिद्ध झाली. १९८४ चा 'किंग्ज क्वेस्ट' हा त्यांचा मोठा टप्पा. त्यात एक बुटका भेटतो, तो आपलं नाव ओळखायला सांगतो. युरोपातल्या परीकथा माहीत असतील तर त्याचं नाव सुचेल, पण तेवढ्याने भागत नाही. 'कधी कधी उलटा विचार करावा' अशा अर्थाची एक चिठ्ठी सापडते. मग नाव उलटं लिहायचं का? तेही नाही. आख्खी इंग्रजी वर्णमाला उलटी धरायची, ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय, आणि त्या हिशेबाने नाव टाइप करायचं. पुढे याच खेळाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा साधं उलटं नावही चालेल अशी सोय त्यांना करावी लागली.

सिएराच्या खेळांत मरण पावलोपावली होतं. जिन्यावरून जरा तिरकं चाललात की खाली. पण मरणाचा मला राग नाही. मेलं की निदान कळतं. खरा छळ होता तो न कळता अडकण्याचा. १९९० च्या 'किंग्ज क्वेस्ट ५' मध्ये एका गावात बेकरीच्या दारात मांजर उंदराच्या मागे धावत जाते. दोन-तीन सेकंदांचा देखावा. त्या क्षणी तुमच्याकडे वाळवंटातून उचललेला जुना बूट असेल आणि तो मांजरीच्या दिशेने फेकायचं तुम्हाला सुचलं तर उंदीर वाचतो. नाही सुचलं तर खेळ काही बोलत नाही, पुढे जाऊ देतो. बऱ्याच वेळाने एका खाणावळीच्या तळघरात तुम्हाला बांधून टाकतात आणि दोर कुरतडायला तो उंदीर येतो. वाचवलेला नसेल तर येत नाही, आणि तुम्ही तिथेच संपता. याच खेळात एक पाय आहे, म्हणजे बेकरीतला तो गोड पदार्थ. भूक लागली म्हणून तो खाल्लात तर फसलात, कारण डोंगरावर हिममानव आडवा येतो आणि तोच पदार्थ त्याच्या तोंडावर फेकावा लागतो. अन्न खाल्लं ही चूक कशी होते, हे मला आजही पटत नाही.

मजकुराच्या खेळांतही हेच होतं. इन्फोकॉम या कंपनीने १९८४ मध्ये डग्लस अ‍ॅडम्सच्या कादंबरीवर खेळ काढला, लेखक स्वतः अ‍ॅडम्स आणि स्टीव्ह मेरेट्झ्की. त्यात सुरुवातीला रस्त्यावरच्या एका कुत्र्याला सँडविच घातलं नाही, तर त्याची फळं खेळाच्या अगदी शेवटाकडे भोगावी लागतात.

असं का लिहायचे? त्यामागे पैसा होता. खेळ महाग होते आणि आकाराने लहान. उत्तरं कळली तर दोन-चार तासांत संपतील एवढेच. महिनाभर पुरवायचे तर अडवणं भाग होतं. आणि अडलेल्याला सुटका विकता यायची. सिएराची टेलिफोनवरून उत्तरं सांगण्याची पैसे घेऊन चालणारी सेवा होती, उत्तरांच्या पुस्तिका होत्या. इन्फोकॉमच्या पुस्तिका तर न दिसणाऱ्या शाईत छापलेल्या असत. सोबतच्या पेनने घासलं की ओळ उमटायची, म्हणजे हवी तेवढीच मदत घ्यावी. कल्पना म्हणून सुंदर. पण ती पुस्तिका तळेऱ्यात कशी यावी? ट्रंक कॉलचे आणि एसटीडी बूथचे दिवस अनुभवलेल्या गावातून अमेरिकेला फोन कोण लावणार? 'चिप' आणि 'डिजिट' या मासिकांसोबत येणारी सीडी हाती लागली तर खेळाचा नमुना बघायला मिळायचा, तेवढंच आमचं अधिकृत दुकान.

चोरट्या प्रती रोखण्याची कुलपंही याच हिशेबाची होती. पहिल्या 'मंकी आयलंड'सोबत पुठ्ठ्याची दोन चक्रं यायची. ती फिरवून चाच्यांचे चेहरे जुळवायचे आणि साल टाइप करायचं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त एके ठिकाणी काचेच्या कुप्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरच्या शब्दाचं अक्षर ज्या कुपीवर असेल ती प्यायची. 'लेझर सूट लॅरी' या १९८७ च्या प्रौढांसाठीच्या खेळात वय तपासायला अमेरिकेतलं राजकारण, टीव्ही आणि नटनट्या यांच्यावर प्रश्न विचारायचे. ज्याला उत्तरं येतील तो मोठा माणूस. या कसोटीवर माझे आजोबा, ज्यांनी दुसरं महायुद्ध पेपरात रोज वाचलं होतं, अज्ञान बालक ठरले असते. आणि एकदा आत गेलात की तिथल्या बायका म्हणजे नायकाने एकामागून एक जिंकायच्या वस्तू. लेखक अल लो याने नायकालाच हास्यास्पद केलंय, असं त्या खेळाच्या बाजूने सांगतात. ते खरं आहे. पण बायकांना त्यामुळे माणूसपण मिळालं असं नाही. त्या मानाने रॉबर्टा विल्यम्सने १९८८ च्या 'किंग्ज क्वेस्ट ४' मध्ये राजकन्येलाच नायिका केलं, बापाला वाचवायला तीच निघते, याची नोंद घ्यायला हवी.

या कोड्यांवर पहिला नीट विचार आतल्याच माणसाने केला. लुकासफिल्मचा रॉन गिल्बर्ट. 'मॅनियॅक मॅन्शन' (१९८७) त्याचाच. १९८९ मध्ये त्याने एक लेख लिहिला, ज्याचं नावच 'अ‍ॅडव्हेंचर गेम वाईट का असतात' अशा अर्थाचं होतं. खेळाडूला न कळता अडकवू नका, मरून शिकायला लावू नका, कोड्याआधी त्याचं कारण दाखवा, गोष्टीला ज्याचा उपयोग नाही असं कुलूप लावू नका, असं त्याने मांडलं. पुढच्याच वर्षी 'द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड' आला आणि त्यात अडकून पडणं जवळजवळ संपलं. तोच गिल्बर्ट त्यानंतरच्या वर्षी माकडाचा पाना करतो. नियम लिहिणाऱ्याच्या हातूनही हे घडतं, कारण आपली भाषा आपल्याला दिसत नाही. ती हवेसारखी असते. १९९३ च्या 'डे ऑफ द टेन्टॅकल'मध्येही हेच: एका झाडाची फळं तांबड्या रंगाने रंगवली की जॉर्ज वॉशिंग्टन ते झाड तोडतो. लहानपणी त्याने चेरीचं झाड तोडलं आणि बापाला खरं सांगितलं, ही दंतकथा अमेरिकेत पहिलीच्या पोराला ठाऊक. आमच्याकडे तांबडी फळं म्हणजे रातांबे, आणि रातांब्याचं झाड कोण तोडेल?

आमच्याकडे कोड्याला हुमाण म्हणतात. आजी रात्री हुमाणं घालायची. पाण्याची घागर आहे पण नदी-विहिरीवर कुणी भरलेली नाही, असलं काही ती म्हणायची आणि आम्ही डोकं खाजवायचो. उत्तर नारळ. कळल्यावर ओशाळायला व्हायचं, कारण नारळ समोर अंगणातच पडलेला असायचा. हुमाणाचा न्याय असा, की उत्तर ऐकणाऱ्याच्या घरातलं हवं. आजीने कधी बर्फावरचं हुमाण घातलं नाही. ती आमच्यासाठी बोलत होती आणि आम्ही कोण हे तिला माहीत होतं. जगभर विकायच्या खेळाला आजीसारखं सगळ्यांचं अंगण माहीत असणं शक्य नाही, हे मान्य. मग दोन रस्ते उरतात. एक तर उत्तर खेळातच शिकवायचं, किंवा माणसामाणसांत समान असेल त्यावर कोडं उभारायचं.

दुसऱ्या रस्त्याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त आहे. जॉर्डन मेकनरने जवळजवळ एकट्याने केलेला १९८९ चा हा खेळ खरं तर उड्या मारण्याचा आणि तलवारीचा, पण आमच्या पिढीने कोडी म्हणूनच तो सोडवला. मध्येच एका आरशातून उडी मारावी लागते आणि आपली सावली वेगळी होऊन पळते. ती पुढे आपलं औषध पिते, आपल्या तोंडावर दार बंद करते. शेवटाकडे ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तुम्ही वार केलात की जखम तुम्हालाच. मारलंत तर तुम्हीच मरता. आम्ही किती वेळा मेलो असू! एकदा बाबूच्या हातून चुकून तलवार म्यान झाली. सावलीनेही म्यान केली. मग तो नुसता चालत गेला आणि दोघं एक झाले. काकांच्या दुकानात एकदम शांतता झाली. या कोड्याला फारसी यावी लागत नाही, अमेरिका माहीत असावी लागत नाही.

पण त्याच खेळाची गोष्ट पाहा. कपटी वजीर, कोंडलेली राजकन्या, तळघरं, काटे, तासाभराची मुदत. अरबी सुरस कथा आणि त्यांवरचे जुने हॉलिवूड चित्रपट यांतून आलेला इराण. तिथली माणसं काय खातात, कुठली भाषा बोलतात, काही नाही. कोडं सगळ्यांचं, देश मात्र सजावट. एकाच खेळात दोन्ही असू शकतं.

पहिल्या 'मंकी आयलंड'मधली दुसरी मोठी करामत शिव्यांच्या द्वंद्वयुद्धाची. तलवारबाजीत जिंकतो तो जीभ चालवणारा. वाटेत भेटेल त्या चाच्याशी भांडायचं, हरत हरत त्याच्या शिव्या आणि त्यांची उत्तरं पाठ करायची आणि शेवटी तलवारबाज बाईपुढे उभं राहायचं. तिच्या शिव्या नव्याच असतात, पण शिकलेली उत्तरं त्यांना चपखल बसतात. हरणं म्हणजे शिक्षण, हे इतकं नीट साधलेलं क्वचित दिसतं. गवाणकरांचं 'वस्त्रहरण' हे नाटक मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून ऐकत वाढलेल्या मालवणी मुलखाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवीला शिवीनेच पण वरचढ उत्तर, ही आमच्या घरातली कला. इंग्रजी अर्धवट येत असूनही आम्ही हा भाग कुणाच्या मदतीशिवाय पार केला.

आता चाच्यांकडे वळतो, कारण इथे तळेऱ्याचा माणूस गप्प बसू शकत नाही. महामार्गावरून एक रस्ता पूर्वेला वैभववाडी-गगनबावड्यावरून कोल्हापूरला जातो आणि एक पश्चिमेला वाघोटण, पडेल करत विजयदुर्गाला. त्या रस्त्याच्या शेवटी जो किल्ला आहे, तो इंग्रजांच्या कागदपत्रांत 'घेरिया' आहे आणि तिथले आंग्रे 'पायरेट' आहेत. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) मराठ्यांचे सरखेल. त्यांच्या समुद्रातून जाणाऱ्या गलबताने दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, हा त्यांचा आग्रह. पोर्तुगीज हेच 'कार्ताझ' नावाने दोन शतकं करत आले होते, त्याला राज्यकारभार म्हटलं गेलं. आंग्र्यांनी केलं तेव्हा ती चाचेगिरी झाली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. हे आपलंही दुखणं आहे, ते एकट्या इंग्रजांवर ढकलता येत नाही.

म्हणून 'चाचा' हा शब्द माझ्यासाठी निव्वळ गंमतीचा राहत नाही. 'मंकी आयलंड' कॅरिबियन समुद्रात घडतो. साखरेच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून जिथे आणली तो हा समुद्र. खेळात मळा नाही, गुलाम नाही. आहे ते काय? मुखवटे घातलेले नरभक्षक आदिवासी आणि एक जादूटोणा करणारी बाई, जिला कितीतरी भागांपर्यंत स्वतःचं नावच नाही. ती नुसती 'वूडू लेडी'. नरभक्षक विनोदी आहेत, शिष्टाचाराने वागतात, हे मान्य. मला हा खेळ मनापासून आवडतो, आणि तरी हा विनोद कुणाच्या जिवावर चाललाय ते विसरता येत नाही. तिथल्या मूळ रहिवाशांना माणसं खाणारे ठरवूनच त्यांची बेटं बळकावली गेली होती.

आपल्या देशाची पाळी १९९८ मध्ये 'टूम रेडर ३' मध्ये आली. तो नेमक्या अर्थाने या प्रकारातला नाही, बंदुकीचा जास्त आहे. पण पहिलाच भाग भारतातला, आणि आम्ही सगळे उत्सुकतेने बसलो. रान, पडकं देऊळ, गंगा, कालियाच्या गुहा. माकडं औषधं पळवतात, नाग डसतात, आणि वाघ दिसला की गोळी घालायची. देवळात सहा हातांच्या तलवारधारी मूर्ती जिवंत होऊन अंगावर येतात, त्यांनाही गोळ्या. बोलण्यासारखा भारतीय माणूस जवळजवळ नाहीच. दादा म्हणाला, "आपल्या गावचा देऊळ असा असता तर गुरवान काय केला असता?" त्या प्रश्नात सगळं होतं. देऊळ आहे म्हणजे गुरव आहे, मानकरी आहेत, जत्रा आहे, गाऱ्हाणं आहे. खेळाला फक्त पडकं देऊळ दिसतं, कारण पडक्या देवळातली वस्तू उचलून नेता येते.

राजकारण उघड उघड जिथे आलं तो सिएराचा 'पोलिस क्वेस्ट'. १९८७ चा पहिला भाग जिम वॉल्स या निवृत्त पोलिसाने लिहिला. गस्तीची गाडी सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी तिच्याभोवती फेरी मारून तपासणी करावी लागते. नाही केली तर टायर जातो आणि खेळ संपतो. नियमाच्या वहीला एवढी निष्ठा. आणि १९९३ च्या चौथ्या भागासाठी कंपनीने लेखक म्हणून कुणाचं नाव घेतलं? डॅरिल गेट्स, लॉस एंजेलिसचे माजी पोलिसप्रमुख. १९९१ मध्ये त्यांच्याच खात्यातल्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर केलेली मारहाण कुणीतरी चित्रित केली होती. १९९२ मध्ये ते पोलीस निर्दोष सुटले, शहर पेटलं, आणि त्यानंतर गेट्स पदावरून गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा खेळ दुकानात. टायर तपासणं सक्तीचं, पण पोलिसाच्या हातातल्या काठीबद्दल विचारायची सोयच नाही. खेळ कुठली गोष्ट चूक मानतो आणि कुठली चूक त्याच्या यादीतच नसते, यात त्याचं राजकारण असतं. पात्रांच्या संवादांपेक्षा मला ते या यादीत जास्त दिसतं.

त्या काळी कुणाला वेगळं सुचत नव्हतं असं म्हणता येत नाही. मेरेट्झ्कीनेच १९८५ मध्ये 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग' लिहिला. एका शहराचं पुढच्या काही दशकांत काय होतं ते फिरून पाहायचं, आणि रोख तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष रेगन यांच्या धोरणांवर. पण माझ्या दृष्टीने खरं उत्तर कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरून आलं. म्युरिएल ट्रामिस तिथली. फ्रान्समधल्या कॉक्टेल व्हिजन कंपनीत तिने १९८७ मध्ये 'मेविलो' हा खेळ केला, आणि लेखनात साथ होती पॅट्रिक शाम्वाझो याची, ज्याला पुढे १९९२ मध्ये गोंकूर पुरस्कार मिळाला. खेळ घडतो १९०२ मध्ये, पेले ज्वालामुखीने सेंट पिएर शहर जाळून टाकण्याच्या थोडे दिवस आधी. त्याच्या मुळाशी बेटावरची एक दंतकथा आहे: मळेवाला सोन्याचा घडा पुरतो आणि तो राखायला ज्या गुलामाने खड्डा खणला त्यालाच मारून तिथेच पुरतो. हे वाचलं तेव्हा मी सुन्न झालो. कोकणात पुरलेल्या धनाला राखणदार असतो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण तो राखणदार आधी कोण होता, त्याला तिथे कुणी ठेवलं, हे आम्ही विचारलं नव्हतं. ट्रामिसच्या खेळाने तेच विचारलं. पुढच्याच वर्षी तिने मळ्यातल्या गुलामांच्या उठावावर दुसरा खेळ केला. तोच कॅरिबियन, 'मंकी आयलंड'च्या दोन-तीन वर्षं आधी.

हा प्रकार मंदावला १९९० चं दशक संपता संपता. १९९९ च्या 'गेब्रियल नाइट ३' मध्ये मांजराचे केस चिकटपट्टीला चिकटवून, ते मेपल सिरपने ओठावर लावून खोटी मिशी करायची, ज्या माणसाचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही म्हणून त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोवर मिशी काढायची, असं कोडं होतं. ते या प्रकाराच्या मरणाचं कारण म्हणून अनेकांनी दाखवलं. एका मिशीने कुणी मरत नाही. बंदुकीचे आणि त्रिमितीचे खेळ आले, लोक तिकडे गेले. पण कंटाळलेल्या लोकांना निघून जायला ते निमित्त पुरलं.

कठीण कोड्यांच्या बाजूने एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगतो. अडकल्यामुळे आम्ही एकत्र बसलो. चौघांची डोकी एका पडद्यापुढे, वीज गेली की अंधारात चर्चा, 'सेव्ह केलेलंस काय रे?' ही पहिली हाक. आज मोबाइलवर उत्तर एका मिनिटात सापडतं आणि पोरं एकेकटी खेळतात. ते बसणं मला हवंहवंसं वाटतं. पण त्याचं श्रेय बूट आणि उंदराला देणार नाही. ते आमचं होतं.

अलीकडे काय बदललं? गिल्बर्टच २०२२ मध्ये 'रिटर्न टू मंकी आयलंड' घेऊन परतला आणि त्याने उत्तरांची वही खेळाच्या आतच, फुकट, नायकाच्या खिशात दिली. २०१४ च्या '८० डेज'मध्ये मेग जयंतने ज्यूल व्हर्नची जगप्रदक्षिणा नव्याने लिहिली, ज्यात वाटेतल्या देशांतली माणसं साहेबाची वाट बघत थांबलेली नाहीत. त्यांची स्वतःची यंत्रं, बंडं आणि कामं चालू आहेत. २०१७ मध्ये 'अनचार्टेड'चा एक भाग थेट पश्चिम घाटात आला. होयसळ देवळं, गणपतीचा सुळा, परशुराम. दृश्यं डोळ्यांचं पारणं फेडणारी आणि नायिका अर्धी भारतीय. तरी ज्या परशुरामाच्या भूमीत आम्ही राहतो तिथे आजही माणसं राहतात, याचा पत्ता त्या घाटात फार लागत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला. बहीण भावाच्या शोधात निघते, दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, चित्रं पहाडी शैलीची, महाल राजस्थानी. महाराष्ट्रातल्या लहान चमूने जगाच्या बाजारात एवढं देखणं काम करावं याचा मला अभिमान आहे. पण कोडी हलकी, चक्रं फिरवून चित्र जुळवण्यापुरती, आणि भारत पुन्हा देव-महालांचाच. पुण्याच्या माणसाला पुणं, कोकण, घाट खेळात आणावासा वाटेल तो दिवस यायचाय.

मला सर्वांत जवळचा वाटला तो २०२३ चा 'वेन्बा'. कॅनडात गेलेल्या एका तमिळ कुटुंबाचा छोटा खेळ. आईने दिलेली पाककृतींची वही फाटलीय, अक्षरं पुसलीत, आणि उरलेल्या शब्दांवरून पदार्थ करायचा. गेल्या मे महिन्यात बाबूची मुलगी आमच्याकडे आली होती, तिच्यासमोर तो लावून दिला. पहिलाच पदार्थ इडली. भांड्यात पाणी, मग ताटल्या एकावर एक. वहीतली नेमकी तीच ओळ पुसलेली. ती क्षणभर थांबली, मग तिने वरची ताटली थोडी फिरवली, म्हणजे खालच्या इडलीवर वरची वाटी येणार नाही.

"कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"काका, आई अशीच ठेवते. नाहीतर इडल्या चपट्या होतात ना."

पडद्यावर वाफ आली. तिने वळून स्वयंपाकघराकडे बघितलं आणि पुढचं पान उलटलं.